अस्वलाचा मफलर

कवटीकाका मुळात भित्रे. हे सांगितलं की लोक हसतात. जो माणूस सकाळचा चहा पिऊन होतो न होतो तोच कोल्ह्याच्या डोक्यात तार घालून मेंदू बाहेर काढायला बसतो, तो भित्रा कसा असेल? पण आहेत बुवा. पाल दिसली की काका पाय वर घेतात. लिफ्टमध्ये एकटे चढत नाहीत. वाघापासून वटवाघळापर्यंत सगळ्यांचे दात त्यांनी हाताळलेत, पण स्वतःची दाढ दुखली तेव्हा दवाखान्यात खुर्चीचा दांडा सोडून त्यांनी काकूंचा हात धरला होता, आणि काकूंच्या बांगडीचा वळ नंतर दोन दिवस काकांच्याच हातावर होता.

संग्रहालयाच्या मागच्या अंगणात, मुख्य इमारतीपासून मुद्दाम लांब बांधलेल्या खोलीत ते काम करतात. प्राणिसंग्रहालयात एखादं जनावर म्हातारं होऊन गेलं, रस्त्यावर एखादं गाडीखाली आलं, की त्याचं डोकं काकांकडे येतं, आणि काही आठवड्यांनी पांढरीशुभ्र कवटी होऊन काचेच्या कपाटात जाऊन बसतं. मधल्या काळात काय होतं ते विचारायची सोय नाही, कारण काका सांगायला लागतात.

कवटी साफ करायच्या रीती तशा बऱ्याच. उकळणं सगळ्यांत सोपं आणि काकांच्या मते सगळ्यांत मोठं पाप. उकळलं की चरबी हाडात मुरते, नाकातली कागदासारखी पातळ हाडं मोडतात आणि पुढे कधीतरी कवटी पिवळी पडून तेल गाळायला लागते. दुसरी रीत पाण्यात कुजवायची. बादलीत डोकं, वर कोमट पाणी, त्यावर झाकण, आणि मग वाट बघायची. रीत उत्तम आहे, फक्त शेजारी नसावेत. तिसरी रीत किड्यांची, आणि तीच काकांची.

काचेची मोठी पेटी, तळाशी कापसाचा थर, आणि त्यात चामडं-मांस खाणारे काळे भुंगेरे. खरं खाणं त्यांच्या अळ्यांचं. अंगभर तांबूस केस असलेल्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या लांब अळ्या. सोललेलं, वाळवलेलं डोकं पेटीत ठेवलं की त्या कामाला लागतात, आणि कानाच्या आतलं हाडसुद्धा असं कोरून ठेवतात की सोनाराने बघत बसावं. पेटीला कान लावला तर सुका पाला हळूहळू चुरगळावा तसा आवाज येतो. काकांना तो आवाज आवडतो. दात सुटले तर ते चहाच्या गाळणीत धरतात आणि पुन्हा जागच्या जागी चिकटवतात. त्यानंतर उरलेसुरले किडे मरावेत म्हणून फ्रीझर, मग साबणाच्या कोमट पाण्यात चरबी सुटेपर्यंत मुक्काम, आणि शेवटी औषधाच्या पाण्यात रंग उजळायचा.

काकांना मूलबाळ नाही. त्यांची आई, वय झालं तरी जिभेला वय न झालेली, रोज संध्याकाळी विचारते, "काय रे, माझी नातवंडं जेवली का?"

"जेवली, आई."

"काय होतं आज?"

"रानडुक्कर."

"हं. चांगलं आहे. आमच्या वेळी नव्हते असले लाड."

आता इतकं प्रेमाचं नातं असताना भीती कसली? तर तीही याच किड्यांची. पण पेटीतल्या नव्हे. पेटीत हजारो असले तरी काका शांत असतात. पेटीबाहेर एक दिसला की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

कारण समोरच्या इमारतीत काय आहे? पेंढा भरलेले पक्षी, हरणं, कोल्हे, मुंगसं. म्हणजे कातडी, केस आणि पिसं. म्हणजे किड्यांच्या हिशेबाने पिढ्यान्पिढ्या पुरेल इतकं वाढून ठेवलेलं ताट. काकांच्या आधी त्या खोलीत जे होते, त्यांना सगळे थोरले म्हणत. त्यांनी काकांना कामावर घेतलं त्या दिवशी हत्यारं दाखवली नाहीत. आधी एक गोष्ट सांगितली. ते तरुण असताना एकदा घुबडांचं कपाट उघडलं. सगळी घुबडं जागच्या जागी, ऐटीत बसलेली. त्यांनी एकाला नुसतं बोट लावलं. घुबड खाली बसलं. पडलं नाही, बसलं. पिठाचा ढीग बसावा तसं. राहिली एक वाकडी तार आणि त्या भुशात वर बघत असलेले दोन काचेचे डोळे. मग शेजारचं. मग त्याच्या शेजारचं.

"कोणी आणले होते किडे?" काकांनी विचारलं होतं.

"मीच," थोरले म्हणाले. "सदऱ्याच्या घडीतून."

तेव्हापासून काकांच्या स्वप्नात वाघ-सिंह येत नाहीत. भुशातले दोन काचेचे डोळे येतात.

म्हणून खोलीला दोन दारं आहेत आणि मध्ये एवढीशी चौकोनी जागा. तिथे भिंतीवर दोन खुंट्या. डावी आतली, उजवी बाहेरची. आतला अंगरखा, आतल्या चपला डावीकडे. बाहेरचा सदरा, बाहेरचे बूट, मफलर उजवीकडे. डावीकडचं उजवीकडे जायचं नाही, उजवीकडचं डावीकडे यायचं नाही. निघताना अंगावरून ब्रश फिरवायचा, बाह्या उलट्या करून झटकायच्या, केसांतून कंगवा. आणि लोकर आत न्यायची नाही म्हणजे नाही. लोकर म्हणजे केसच की.

इतकं करूनही समोरच्या इमारतीत पाऊल टाकलं की पेंढामास्तर आडवे येत.

पेंढामास्तर हे तिकडचे. मेलेल्या जनावराच्या कातडीत पेंढा भरून त्याला पुन्हा उभं करण्याचं त्यांचं काम. वडिलांचंही तेच होतं. काका आणि मास्तर तरुणपणी एकाच महिन्यात कामाला लागले आणि तेव्हापासून एकमेकांचे वैरी आहेत, म्हणजे रोज दुपारचा डबा एकत्र खातात.

"तू सोलतोस, मी भरतो," मास्तर म्हणतात. "देवाने तुला आधी जन्माला घातला असता तर मला काम उरलं नसतं."

आणि काका दारात दिसले की पहिला प्रश्न ठरलेला. "झटकलंस का?"

"झटकलं."

"बाह्या?"

"बाह्यापण."

"मग ये लेका आत."

इतक्या वर्षांत या प्रश्नोत्तरांत एका अक्षराचा फरक पडला नव्हता.

मास्तरांच्या जिवाचा ठेवा म्हणजे प्रवेशदालनातलं अस्वल. मागच्या पायांवर उभं, माणसापेक्षा उंच, एक पंजा किंचित पुढे. ते त्यांच्या वडिलांनी भरलेलं. वडिलांची बाकीची जनावरं कधी ओल लागून, कधी कोणाच्या हलगर्जीपणाने गेली. हे एकच उरलं. अस्वलाचा चेहरा वडिलांनी आपल्या मेहुण्यावरून घेतला असं मास्तर सांगतात. जिवंत अस्वल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि मेहुणा रोज घरी यायचा. त्यामुळे अस्वल गुरगुरतंय असं वाटण्याऐवजी उसने मागायला आल्यासारखं वाटतं. वडील हे अस्वल शिवत होते तेव्हा लहानगे मास्तर शेजारी दोऱ्याचं रीळ धरून बसले होते. वडिलांची त्यांच्यापाशी एवढीच आठवण आहे, कारण ते त्यानंतर फार जगले नाहीत.

तर हे असं सगळं असताना, थंडीच्या दिवसांत, काकांच्या हातून ते घडलं.

संग्रहालयात नवं दालन उघडायचं होतं आणि त्यात मधोमध बसणार होती प्राणिसंग्रहालयातल्या म्हाताऱ्या सिंहाची कवटी. सिंह काकांच्या पेटीत होता. आणि नेमका पेटी उबदार ठेवणारा दिवा गेला. किड्यांना ऊब नसली की ते खाणं सोडतात आणि कापसात घुसून बसतात. काकांनी विजेच्या कारागिराला फोन केला. "निघालोच," तो म्हणाला. निघालोच म्हणजे अजून घरी आहे, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी पेटीला हात लावला. काच गार. आतला आवाज बंद. सिंहाच्या गालावर एक अळी अर्धवट चढून थांबली होती.

ते मधल्या जागेत गेले. उजव्या खुंटीवर मफलर होता. काकूंनी विणलेला, जाड, करड्या लोकरीचा. काकांनी क्षणभर विचार केला. नंतर कितीदा तरी त्यांनी तो क्षण आठवून पाहिला आणि त्यात विचार केल्याची खूण सापडते का ते शोधलं. मफलर काढला, आत आणला आणि पेटीभोवती नीट गुंडाळला, अगदी झाकणाच्या फटीपर्यंत.

"घ्या," ते किड्यांना म्हणाले. "काकूचा आहे. जपून."

दुपारच्या आधी कारागीर आला, दिवा लागला, पेटी पुन्हा कुरकुरायला लागली. मफलर पिशवीत बांधून सरळ फ्रीझरमध्ये टाकायचा, हे काकांनी ठरवलं होतं. तो हातात घेऊन ते मधल्या जागेत आले, पिशवी शोधायला वळले, आणि वळता वळता हाताने मफलर टांगला. कुठे? मफलरची जागा जिथे वर्षानुवर्षं आहे तिथे. उजव्या खुंटीवर. हाताचा काय दोष? हात नियमच पाळत होता. तेवढ्यात बाहेरून मास्तरांची हाक आली, "अरे कवट्या, शिडी धरायला ये, मी पडून मेलो तर मला कोण भरणार?"

काकांनी अंगरखा डावीकडे टांगला, बाह्या झटकल्या, ब्रश फिरवला, कंगवा फिरवला, सदरा घातला आणि उजव्या खुंटीवरचा मफलर गळ्यात अडकवला.

"झटकलंस का?"

"झटकलं."

आणि ते खरंच होतं हो. मफलर सोडून सगळं झटकलं होतं.

मास्तर अस्वलाचं डोकं मऊ ब्रशने साफ करत होते. शिडी धरून धरून काकांना उकडायला लागलं. त्यांनी मफलर काढला आणि ठेवायचा कुठे म्हणून समोरच उभ्या असलेल्या अस्वलाच्या गळ्यात टाकला, दोन वेढे देऊन.

"शोभतो रे," मास्तर वरून म्हणाले. "मामा अगदी असाच यायचा थंडीत. आता चहा मागेल बघ."

हसता हसता दोघांची पुरेवाट झाली. मास्तर अस्वलाचे कान, पाठ, पंजे सगळं साफ करून उतरेपर्यंत मफलर तिथेच होता. मग काकांनी तो उचलला आणि घरी आले.

घरी काकूंनी मफलर खुर्चीवरून उचलला आणि थांबल्या.

"अहो, हे काय अडकलंय विणीत?"

काकांनी पाहिलं. तांबूस. केसाळ. तांदळाच्या दाण्याहून थोडं लांब. आणि हलत होतं.

"नातवंड घरी आलं वाटतं," आई म्हणाली.

कोणी हसलं नाही तेव्हा तिने चष्मा लावून मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि जपमाळेसारखी हातात धरलेली चष्म्याची दोरी घट्ट आवळली. "काय झालं रे बाळा?"

काकूंनीच अळीसकट मफलर पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, त्यावर दुसरी पिशवी चढवली आणि तो फ्रीझरमध्ये मटारांच्या शेजारी ठेवला. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर बाईला एवढं येतंच. मग त्यांनी खुर्ची झटकली, गादी झटकली आणि विचारलं, "आणखी कुठे टेकवला होतात?"

"अस्वलाच्या गळ्यात."

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"एकच असेल," काका म्हणाले. "एकच चुकून आली असेल. ही."

"तुम्हीच म्हणता ना, किडा कधी एकटा येत नाही म्हणून?"

काका म्हणत असत खरे. आज त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की आपण आयुष्यात जरा कमी बोलायला हवं होतं.

त्या घरातलं जेवण त्या दिवशी तसंच राहिलं. काकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र: प्रवेशदालनात अस्वल उभं आहे. मास्तर सकाळी येऊन त्याच्या पंजाला रोजच्यासारखा हात लावतात. आणि मामा खाली बसतो. पिठासारखा. भुशातून दोन काचेचे डोळे वर बघतात, मास्तरांकडे नव्हे, काकांकडे. कुंपणानेच शेत खाल्लं, तेही आपलं कुंपण.

सकाळी संग्रहालय उघडायच्या आधी ते बॅटरी घेऊन अस्वलापुढे उभे होते. मनाशी ठरवलं होतं: नीट शोधायचं, काही दिसलं नाही तर बोलायचं नाही. उगाच कशाला एखाद्याच्या काळजाला घोर? भित्र्या माणसाला दयाळू कारणं फार लवकर सुचतात. दालन रिकामं होतं. अस्वल रोजच्यासारखं उसने मागत होतं. काकांनी गळ्याजवळचे केस बोटांनी विंचरले. काही नाही. हनुवटीखाली काही नाही. डावा खांदा, काही नाही. श्वास मोकळा होत आला होता. उजव्या बाजूला, जिथे मानेची शिवण आहे तिथे, बॅटरीच्या उजेडात काहीतरी चमकलं. त्यांनी चिमटीत धरलं. हलकं, पोकळ, केसाळ.

कात. अळी वाढली की टाकते ती. काल इथे आली, अंगचा सदरा उतरवला आणि पुढे गेली. पुढे म्हणजे आत.

काकांच्या कानांत रक्ताचा आवाज यायला लागला. आणि त्यांना तो सुक्या पाल्यासारखा वाटला. त्यांनी अस्वलाच्या मानेला कान लावला. आतून येतोय की आपल्याच कानातून, हे कळेना.

"काय रे, मामा काही सांगतोय का?" मागून मास्तरांचा आवाज आला. डबा बाकावर ठेवल्याचा आवाज. मग रोजचं: "झटकलंस का?"

काकांनी तोंड उघडलं. 'झटकलं' हा शब्द आयुष्यात इतक्यांदा म्हटला होता की तो आपोआप यायला हवा होता. आला नाही. ते वळले आणि चिमटीतली कात त्यांनी पुढे केली.

मास्तरांनी ती पाहिली. मग काकांच्या उघड्या गळ्याकडे पाहिलं.

"मफलर?"

"दिवा गेला होता. पेटीला गुंडाळला होता. फ्रीझरमध्ये टाकणार होतो..."

"पेटीला," मास्तर म्हणाले. "लोकर."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता अस्वलाच्या पंजावर हात ठेवला, अगदी हलका, जोरात ठेवला तर काय होईल याची भीती असल्यासारखा. आणि मग तो काढून घेतला.

बातमी संचालक मॅडमपर्यंत पोचायला वेळ लागला नाही, कारण काकाच गेले सांगायला. मॅडमनी आधी प्रवेशदालन बंद करायला लावलं, मग पक्ष्यांच्या दालनाची दारं चिकटपट्टीने सील करवली, मग डोकं धरून खाली बसल्या.

"उपाय?"

"थंडी," काका म्हणाले. "कडक. निदान पंधरा दिवस. अळ्या, अंडी, सगळं मरतं."

"मग ठेवा ना फ्रीझरमध्ये."

"आमच्यात फार तर त्याचं डोकं मावेल, मॅडम."

"डोकं काढायचं नाही," मास्तर म्हणाले. अस्वलाच्या पंजावरचा हात काढल्यापासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य. आणि मग कोणाकडेही न बघता: "आणि गोठवलं तर जुनं कातडं तडकेल. बाबांच्या वेळच्या सरसाने चिकटवलंय. शिवणी धरतील की नाही, सांगता येत नाही."

म्हणजे ठेवलं तर किडे खाणार आणि गोठवलं तर थंडी फाडणार. काकांना वाटलं, मास्तर आता 'राहू दे' म्हणतील. मनातल्या मनात काका प्रार्थना करत होते. कसली, तेही कळत नव्हतं.

"गोठवा," मास्तर म्हणाले.

एवढा मोठा फ्रीझर कुठे? मॅडमच्या ओळखीने बंदराजवळचं माशांचं शीतगृह मिळालं. अस्वलाला जाड प्लास्टिकमध्ये वेढ्यावर वेढे देऊन हवाबंद बांधलं, कारण ओल लागली तर तीही खाते. मालट्रकमध्ये ते झोपवलं. मास्तर मागे त्याच्याशेजारी बसले, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून. काकांनी चढायला पाय टाकला तेव्हा मास्तर म्हणाले, "तू पुढे बस." तेवढंच.

शीतगृहाचा मालक पोटाने आणि आवाजाने सारखाच मोठा. त्याने ते प्लास्टिकमधलं धूड पाहिलं.

"हे विकायचं आहे?"

"नाही."

"खायचं आहे?"

"नाही हो."

"मग ठेवायचं कशाला?"

"त्याच्या अंगात किडे आहेत," काका म्हणाले आणि बोलल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की माशांच्या मालकाला हे सांगायला नको होतं. मॅडमनी फोनवर त्याची समजूत काढण्यात अर्धा तास घालवला. शेवटी एक रिकामी खोली मिळाली, कोपऱ्यातली, माशांपासून वेगळी.

दार बंद होताना काकांनी शेवटचं पाहिलं. पांढरी वाफ, भिंतींवर बर्फाचे पापुद्रे आणि मधोमध प्लास्टिकआडून पुढे आलेला पंजा. डोळे दिसत नव्हते. तरी आपल्याकडेच बघतायत, अशी त्यांची खात्री होती.

त्यानंतरचे दिवस काकांच्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. पक्ष्यांच्या दालनात रोज चिकट सापळे तपासायचे आणि प्रत्येक ठिपक्याला काळजात धस्स. कुठे माशी, कुठे कोळी. अळी नाही, पण आज नाही म्हणजे उद्या नाही असं थोडंच! मागच्या खोलीत सिंहाची कवटी छान साफ होत होती. पेटीतला तो कुरकुर आवाज ऐकवेना म्हणून काका कानांत कापूस घालून काम करायला लागले. घरी आईने विचारणं सोडलं. एकदाच म्हणाली, "नातवंडं व्रात्य निघाली तरी टाकून द्यायची नसतात रे."

पण सगळ्यांत वाईट म्हणजे मास्तर. मास्तर भांडले नाहीत, रागावले नाहीत. दुपारी डबा आपल्या खोलीत खाऊ लागले. काका सापळे तपासायला दारात गेले की नुसते बाजूला होत.

'झटकलंस का?' त्यांनी एकदाही विचारलं नाही. काका दारात थांबत, वाट बघत, आणि कोणी न विचारताच आत जात. इतकी वर्षं त्या प्रश्नाला कंटाळलेला माणूस आता तो ऐकायला आसुसला होता.

अस्वल परत आलं. तरी प्लास्टिक काढायचं नव्हतं. आतली थंडी पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं, नाहीतर बाहेरची दमट हवा कातड्यावर पाणी होऊन बसते. ते दालनात तसंच उभं राहिलं, आवळून बांधलेलं, आणि दोघं म्हातारे दोन टोकांना उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. मग एका सकाळी मास्तर कात्री घेऊन आले.

"ये," ते म्हणाले. बस्स, ये.

प्लास्टिक डोक्यापासून सुटत गेलं. कान ठीक. कपाळ ठीक. मामाचा चेहरा तसाच, जरा जास्तच अडचणीत सापडल्यासारखा. मास्तरांनी खाली पांढरा कागद अंथरला आणि मानेचे केस विंचरायला सुरुवात केली. कंगवा एकदा फिरला. काही नाही. दुसऱ्यांदा फिरला आणि कागदावर टिप्, टिप् असं काहीतरी पडलं. तांबूस, केसाळ, वाळकं. काकांनी भिंग धरलं. मेलेल्या होत्या. चार. चारही शिवणीच्या अगदी काठावरून निघालेल्या, आत शिरायच्या बेतात.

म्हणजे भीती खरी होती. इतके दिवस काकांना वाटत होतं, खरी ठरली तर आपण कोसळू. उलट गुडघे जरा सरळ झाले. खोट्या भीतीला अंत नसतो, खरी निदान कागदावर पडते.

आणि तेवढ्यात कागदावर दुसरंच काहीतरी पडलं. वाळलेली काडी. मग भुसा. मास्तरांचा हात थांबला. मानेची शिवण बोटभर लांब उसवली होती. थंडीने कातडं आखडून जुना दोरा तुटला होता, आणि त्या फटीतून वडिलांनी भरलेला पेंढा बाहेर येत होता.

काकांनी डोळे मिटले. आता खाली बसणार. आता.

काहीच झालं नाही. त्यांनी डोळे उघडले तर मास्तर शिडीवर चढले होते आणि नाक त्या फटीला लावून उभे होते. बराच वेळ.

"कवट्या," ते तसेच म्हणाले, "याला आमच्या जुन्या खोलीचा वास येतोय रे. सरस, कापूर आणि बाबांची विडी."



मास्तरांनी खिशातून जाड सुई काढली, दोरा ओवला आणि रीळ न बघताच खाली केलं.

"धर."

"काय?"

"दोरा धर, बाकी काय! मी शिवतो, कोणीतरी रीळ धरायला हवं. आणि ढिला सोडू नकोस. माझ्या हातून ढिला सुटला की बाबा टपली मारायचे."

काका रीळ धरून बसले. मध्ये एकदा ढिलं सुटलं आणि त्यांना टपली बसली. जोरातच बसली. तिच्यात पंधरा दिवस होते.

शिवण पक्की झाली, पण तिथले केस विरळ झाले होते आणि नवा दोरा दिसायचा तो दिसतच होता. त्याला काय करावं यावर मॅडमनी बैठक घ्यायचं ठरवलं. बैठकीच्या आधीच काकू डबा द्यायला म्हणून आल्या आणि पिशवीतून एक मफलर काढून त्यांनी मास्तरांच्या हातात दिला. करडा, पण सुती.

"लोकरीचा नाही हं भावजी," त्या म्हणाल्या. "सूत आहे. खाणाऱ्यांनी उपाशी मरावं म्हणून मुद्दाम."

आज ते अस्वल मफलर बांधून उभं आहे. शाळेची मुलं येतात, तेव्हा एकजण तरी विचारतोच, "याला सर्दी झालीय का?" आणि पेंढामास्तर न हसता सांगतात, "झाली होती. या काकांनी घालवली." कोणामुळे झाली ते सांगत नाहीत. डबा पुन्हा एकत्र असतो.

मात्र काकांची भीती गेली असं कोणी समजू नये. मागच्या खोलीत आता एकच खुंटी आहे, आतली. बाहेरचे कपडे काका अंगणात, झाडाला टांगतात आणि पावसापाण्याचा बेत बघून काम ठरवतात. आणि रोज सकाळी, दालन उघडायच्या आधी, ते अस्वलापुढे जातात, मफलर अलगद उचलतात आणि बॅटरीने शिवण बघतात. त्या क्षणी त्यांना अजूनही श्वास घेता येत नाही. काचेच्या डोळ्यांकडे ते बघतच नाहीत. मग मफलर खाली सोडतात.

"झटकलंस का?" मागून येतं.

"झटकलं."

आणि झटकलेलं असूनही काका दाराबाहेर जातात, अंगणात उभे राहून दोन्ही बाह्या पुन्हा एकदा उलट्या करतात, आणि मगच आत येतात.